एक ओळही न लिहिलेला सूत्रकार: चक्रधर, सूत्रपाठ आणि सहा शतकं कुलुपात राहिलेली मराठी

मराठीत एखाद्याला ‘मानभावी’ म्हटलं की त्याला बरं वाटत नाही. वरून गोड, आतून वेगळा असा त्याचा अर्थ. ‘करणी कसायाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही त्याच चालीची. पण हा ‘मानभाव’ आला कुठून? तो ‘महानुभाव’ या शब्दाचा घासून गुळगुळीत झालेला अवतार आहे. म्हणजे तेराव्या शतकात वऱ्हाडात आणि गोदावरीकाठी उभ्या राहिलेल्या एका पंथाचं नावच मराठीनं शिवीसारखं वापरायला सुरुवात केली. ज्यांनी मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला, त्यांचंच हे नाव.

हे असं का झालं, याचं उत्तर एका गोष्टीपाशी जातं: एकांत. या पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्या आयुष्याचा मोठा भाग एकट्यानं भटकण्यात गेला, असं पंथाची परंपरा सांगते. शिष्यांनाही त्यांनी माणसांच्या गर्दीपासून दूर राहायला शिकवलं. पुढे त्यांच्या अनुयायांनी आपल्या पोथ्याच लोकांपासून दूर ठेवल्या, त्याही सांकेतिक लिपीत. त्यामुळे मराठीतली सूत्रवजा वचनांची सर्वांत जुनी वही जवळपास सहाशे वर्षं मराठी वाचकांना माहीतच नव्हती. ती उघडली गेली विसाव्या शतकात, आणि त्या कामातला मोठा वाटा नागपूरचा आहे.

रामटेकला निघालेला माणूस

तेराव्या शतकात नागपूर हे शहर नव्हतं. ते गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं. पण जवळचं रामटेक मात्र तेव्हाही मोठं तीर्थक्षेत्र होतं, इतकं की गुजरातेतल्या भडोचच्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव तिथल्या यात्रेचं निमित्त करून घराबाहेर पडला. महानुभाव परंपरेतली कथा अशी की, जुगारात हरलेल्या पैशांवरून घरात खटके उडाले, मन विटलं, आणि यात्रेला जातो म्हणून तो निघाला. वाटेत एकेक करून सोबतचे लोक त्यानं मागे सोडले. विदर्भात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर इथं त्याला गुंडम राऊळ भेटले. पंथात त्यांना गोविंदप्रभू म्हणतात. गावातले लोक त्यांना कधी देव मानत, कधी वेडं. या भेटीनंतर हरिपाळदेव परत घरी गेला नाही. पुढे त्यांनाच चक्रधर हे नाव मिळालं.

पंथाच्या श्रद्धेप्रमाणे या गोष्टीला आणखी मागचा धागा आहे. गोविंदप्रभूंचे गुरू चांगदेव राऊळ द्वारकेला, समुद्राच्या काठी राहत. चक्रधर हे त्यांचाच अवतार असं महानुभाव मानतात. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्याकडे. पण या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. तिघांपैकी कोणीही मठ बांधून बसलं नाही, आणि तिघांपैकी कोणी ग्रंथही लिहिला नाही.

रिद्धपूरनंतर चक्रधर सातपुड्याच्या कुशीतल्या सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि बारा वर्षं तिथं राहिले, असं परंपरा सांगते. सालबर्डी आज मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. अंगावर नीट वस्त्र नाही, केसांची काळजी नाही, कोणाशी बोलणं नाही. त्यानंतर आंध्रात भ्रमंती, पैठणला आगमन, आणि मग कुठे शिष्यांचा मेळा. शिष्यांबरोबरचा काळ तसा थोडकाच, काही वर्षांचा. 1274च्या सुमारास चक्रधर सगळ्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले, असं पंथ मानतो.

एकांताचे साक्षीदार कोण?

चक्रधरांच्या आठवणींचा जो ग्रंथ म्हाइंभट यांनी सिद्ध केला, त्याचं नाव ‘लीळाचरित्र’. साधारण 1278च्या आसपासचा हा ग्रंथ मराठी गद्याचा पहिला मोठा नमुना मानला जातो. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे त्याच्या थोडी नंतरची. लीळाचरित्राचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. यातला ‘एकांक’ हा एकटेपणाच्या काळाचा भाग.

इथं कोणत्याही सावध वाचकाला प्रश्न पडायला हवा. माणूस एकटा होता, तर त्या काळातल्या गोष्टी सांगितल्या कोणी?

उत्तर साधं आहे. त्या त्यांनीच नंतर शिष्यांना सांगितल्या. कधी कोणी विचारलं म्हणून, कधी एखादा मुद्दा समजावताना उदाहरण म्हणून. उदाहरणार्थ सशाची प्रसिद्ध लीळा. चक्रधर झाडाखाली बसलेले आहेत. शिकाऱ्यांची कुत्री मागे लागलेला एक ससा जीव घेऊन धावत येतो आणि थेट त्यांच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येऊन ससा मागतात. चक्रधर तो देत नाहीत. शरण आलेल्याला कसं सोपवायचं, अशा अर्थाचं बोलणं होतं आणि शेवटी शिकाऱ्यांचंच मन पालटतं. अनेकांनी ही कथा शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. तिथं ती प्राणिमात्रांवरच्या दयेचा धडा म्हणून येते. ग्रंथात मात्र ती एका एकट्या माणसानं, वर्षं उलटल्यावर, आपल्या माणसांत बसून सांगितलेली आठवण आहे. दोन्हींत फरक आहे.

म्हाइंभट स्वतः पंडित होते, वादविवादात रमणारे. चक्रधर निघून गेल्यावर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सहवासात गोळा झाले. तिथं म्हाइंभटांनी आठवणी जमवण्याचं काम हाती घेतलं. ज्याला जे आठवतं त्याच्याकडे जायचं, ऐकायचं, लिहायचं आणि मग नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. नागदेवाचार्य म्हणजे चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणारे शिष्य. आजच्या भाषेत याला मुलाखती घेऊन लिहिलेलं चरित्र म्हणता येईल. दोन माणसं एकच प्रसंग वेगवेगळा सांगत असतील, तर त्या पाठभेदांची नोंद ठेवण्याची पद्धतही महानुभावांत रुजली. त्याला त्यांचा शब्द आहे ‘वासना’. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही शिस्त पाहून आजचा संपादकही थबकेल.

सूत्र कापून काढलं कोणी?

लीळाचरित्रात प्रसंग आहेत: गाव, वेळ, कोण आलं, काय जेवलं, कोण रुसलं. या प्रसंगांच्या मधोमध चक्रधर एखादं वाक्य बोलतात. ते वाक्य छोटं, घट्ट, बहुधा क्रियापदावर संपणारं. केसोबास (केशिराज) या शिष्यानं असं केलं की प्रसंग बाजूला ठेवून फक्त ही वाक्यं वेगळी काढली आणि विषयवार लावली. तो ग्रंथ म्हणजे ‘सूत्रपाठ’. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचं तत्त्वज्ञान एका बाजूला, आणि संन्याशानं कसं वागावं याचे नियम दुसऱ्या बाजूला. आचार आणि विचार अशी प्रकरणांची नावंच आहेत.

सूत्र हा प्रकार आपल्याकडे नवा नव्हता. पाणिनीचं व्याकरण सूत्रांत आहे, बादरायणाचं वेदान्तही. पण ती सूत्रं संस्कृतात, पंडितांनी पंडितांसाठी रचलेली. एकेक शब्द वाचवून, पाठांतराला सोपी जावीत म्हणून. चक्रधरांची सूत्रं रचलेली नाहीत, ती बोललेली आहेत. कोणीतरी काहीतरी विचारलं, त्याचं ते उत्तर आहे. म्हणून त्यांत बोलण्याचा ठेका आहे, मध्येच तुटलेली वाक्यं आहेत, रागावणं आहे, थट्टा आहे.

याच्या शेजारी फ्रेंच परंपरा ठेवून पाहिली की हा फरक जास्त ठळक होतो. युरोपात सूत्रवजा लेखनाचं घर म्हणजे फ्रान्स. सरदार घराण्यातल्या ला रोशफुकोनं 1665 मध्ये ‘मॅक्सिम्स’ प्रसिद्ध केलं आणि पुढची तेरा वर्षं तो तीच वाक्यं घासत राहिला. आवृत्तीगणिक वाढवत, कापत, पुन्हा जुळवत. त्याची वाक्यं पॅरिसच्या दिवाणखान्यांत, मित्रमंडळींत वाचून दाखवून तयार झाली. लेखक, वाक्य आणि वाचक तिघेही ठरलेले. जोझेफ जुबेरचं उदाहरण याच्या उलट. तो आयुष्यभर वह्यांत टिपणं लिहीत राहिला, पण 1824 मध्ये मरेपर्यंत त्यानं पुस्तक काढलं नाही. ते काम 1838 मध्ये शातोब्रियाँनं केलं.

सूत्रपाठाशी सर्वांत जवळचं नातं मात्र पास्कालचं आहे. पास्काल 1662 मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा मोठ्या कागदांवर लिहून मग कापलेल्या चिठ्ठ्या मागे राहिल्या होत्या. काही दोऱ्यानं ओवून गठ्ठे केलेल्या, काही सुट्या. मित्रांनी 1670 मध्ये त्यांतून ‘पाँसे’ छापलं आणि छापताना काही धारदार ओळी बोथट केल्या. तेव्हापासून प्रत्येक नवा संपादक त्या चिठ्ठ्या नव्या क्रमानं लावतो आणि प्रत्येक क्रमातून थोडा वेगळा पास्काल बाहेर येतो. केसोबासांचं काम असंच होतं, फक्त चिठ्ठ्यांच्या जागी माणसांच्या आठवणी होत्या.

आणि त्यातला धोका त्यांना कळला होता, हे विशेष. प्रसंगातून उपटलेलं वाक्य कोणालाही कसंही वापरता येतं. सकाळी सकाळी मोबाईलवर येणारे सुविचार आठवून पाहा. कोणी, कोणाला, कशावरून म्हटलं याचा पत्ता नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना लागू पडल्यासारखे वाटतात. महानुभावांनी याच्यावर उपाय म्हणून आणखी ग्रंथ लिहिले. कोणतं सूत्र कोणत्या प्रकरणात, कोणाला उद्देशून आलं हे सांगणारा ‘प्रकरणवश’ हा त्यांतला एक. म्हणजे आधी प्रसंगातून वाक्य काढलं, मग वाक्याला प्रसंग परत जोडण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खपले. वरवर उलटसुलट वाटणारा हा उद्योग खरं तर फार प्रामाणिक आहे.

प्रसंगानं काय फरक पडतो याचं एक उदाहरण. बाईच्या मासिक पाळीबद्दल चक्रधरांचं बोलणं अलीकडे वारंवार सांगितलं जातं. शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक, त्यात विटाळ मानायचं कारण नाही, असा त्याचा आशय. नुसतं विधान म्हणून ते आजच्या एखाद्या घोषणेसारखं वाटतं. पण ते त्या काळी बोललं जात होतं ते बायकांच्या रोजच्या वावरात, जिथं भिक्षा, स्वयंपाक, देवाची पूजा या सगळ्यांत प्रत्येक महिन्याला चार दिवस हा प्रश्न उभा राहत होता. चक्रधरांच्या शिष्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या आणि त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. महदाइसा तर प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध होत्या. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा त्यांनी रचलेले ‘धवळे’ हे मराठीतल्या स्त्रीचं सर्वांत जुनं उपलब्ध काव्य मानलं जातं.

केसोबासांचा दुसरा ग्रंथ ‘दृष्टांतपाठ’. यात 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत म्हणजे गोष्ट, ही चक्रधरांची. गोष्टीचा अर्थ लावणारं दार्ष्टांतिक केसोबासांचं. गुरूचं बोलणं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, याची सीमा त्यांनी रचनेतच आखून ठेवली आहे. आजच्या कित्येक ‘विचारधन’ छापाच्या संकलनांत एवढीही काळजी घेतलेली नसते.

मराठीतच का?

केसोबास संस्कृतात उत्तम लिहू शकत होते, त्यांची संस्कृत रचना आहेही. मग हे सगळं त्यांनी मराठीत का ठेवलं? नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात याचं उत्तर सापडतं. संस्कृतात ग्रंथ करण्याचा विषय निघाला तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं, अशानं माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या या ज्ञानाला मुकतील. आणखी एकदा पंडित मंडळी संस्कृतमिश्रित भाषेत प्रश्न विचारू लागली, तेव्हाही त्यांनी सांगितलं की ते मला कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत सांगितलं आहे, त्याच भाषेत विचारा.

नागदेवाचार्य स्वतः अडाणी नव्हते. हे न कळण्याचं सोंग ठरवून घेतलेलं होतं, आणि त्याचा परिणाम असा झाला की लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टांतपाठ, गोविंदप्रभूंचं चरित्र असा मराठी गद्याचा एक अख्खा कप्पा दोन-तीन पिढ्यांत तयार झाला. पुढे पंथ पंजाबात आणि त्याही पलीकडे काबूल-पेशावरपर्यंत पोचला. तिथले पंजाबी महानुभाव संन्यासीही मूळ ग्रंथ मराठीतच वाचत आले आहेत. ज्याची मातृभाषा मराठी नाही असा माणूस श्रद्धेपोटी तेराव्या शतकातली मराठी शिकतो, हे दृश्य फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

विजन: एकांताचा नियम

सूत्रपाठातल्या आचारप्रकरणाचा गाभा म्हणजे माणसांपासून सुटणं. त्याचा आशय थोडक्यात असा. आपली ओळख नाही अशा मुलखात राहावं. एका गावात मुक्काम लांबवू नये. आडबाजूला, झाडाखाली दिवस काढावेत. मिळेल ती भिक्षा, चव न पाहता खावी. मात्र महाराष्ट्रातच असावं, कानडी-तेलंगी मुलखात जाऊ नये, असंही एक बंधन आहे. त्याचा अर्थ लावण्यात अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे.

महानुभाव संन्याशाच्या दिनचर्येत ‘अटन’ आणि ‘विजन’ हे दोन शब्द येतात. अटन म्हणजे फिरत राहणं. विजन म्हणजे रोज काही काळ निर्जन जागी एकट्यानं बसणं. एकांत ही इथं हौस नाही, रोजचं काम आहे.

पण याच सूत्रांच्या पानांत एक विसंगती बसलेली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एकट्यानं राहा सांगणारी ही वचनं आपल्यापर्यंत पोचली ती माणसं एकत्र राहिल्यामुळे. रिद्धपूरला शिष्य एकत्र जमले नसते, एकमेकांच्या आठवणी त्यांनी ताडून पाहिल्या नसत्या, तर सांगायला सूत्रच उरलं नसतं. मूळ लीळाचरित्राची पोथी पुढे धामधुमीत हरवली, असं पंथाचा इतिहास सांगतो. तेव्हा ती पुन्हा उभी राहिली तीही ज्यांना ती तोंडपाठ होती अशांच्या आधारानं. त्यामुळे तिचे अनेक पाठ तयार झाले. त्यांतला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावानं ओळखला जातो.

कुलूप

चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहायला सुरुवात केली. ‘सकळ लिपी’ ही त्यांतली सर्वांत जास्त वापरली गेलेली. तिचं तत्त्व अवघड नाही. अक्षरं देवनागरीच, पण एका अक्षराच्या जागी दुसरं ठरावीक अक्षर लिहायचं. किल्ली माहीत असेल तर वाचता येतं, नसेल तर ओळखीची अक्षरं दिसतात आणि शब्द एकही लागत नाही. सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्याही होत्या.

हे का केलं असावं? एक कारण संरक्षणाचं. राजकीय उलथापालथीच्या काळात आपला ग्रंथ चुकीच्या हाती पडू नये. दुसरं, पवित्र ज्ञान अधिकारी माणसालाच मिळावं हा जुनाच विचार. तिसरं कारण बाहेरच्या समाजाशी आलेला दुरावा. हा पंथ कृष्णाला मानत होता, पण इतर देवतांची उपासना नाकारत होता, वर्णभेद आणि विटाळ मानत नव्हता, बायकांना संन्यास देत होता. अशा लोकांकडे गाव संशयानं पाहतं. काळी वस्त्रं, गावाबाहेरचा मुक्काम, न कळणाऱ्या पोथ्या. संशयाला एवढं पुरेसं होतं. पोथी बंद असल्यामुळे अफवांना उत्तर द्यायला कोणी नव्हतं, आणि अफवा वाढल्या तशी पोथी आणखी बंद होत गेली. ‘मानभावी’ हा शब्द या चक्रातून बाहेर पडला.

याची दुसरी किंमत मराठी साहित्याच्या इतिहासानं मोजली. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जुन्या मराठीचा इतिहास सांगितला जाई तो मुकुंदराज, ज्ञानेश्वर, नामदेव अशा क्रमानं, म्हणजे जवळजवळ सगळा पद्याचा. तेराव्या शतकात मराठी माणूस साधं, रोजचं कसं बोलत होता, कसा चिडत होता, बाजारात काय विकत घेत होता, याचा पुरावा पोथ्यांत होता आणि पोथ्या कुलुपात होत्या.

नागपुरात उघडलेल्या पोथ्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी सकळ लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या 1919च्या आवृत्तीत महानुभाव साहित्याला जागा दिली. पण पोथ्यांजवळ राहणारी माणसं विदर्भात होती. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी ‘शारदाश्रम’च्या माध्यमातून हस्तलिखितं गोळा केली. 1930च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्राचे खंड छापले. तेव्हा सामान्य मराठी वाचकाच्या हाती हा ग्रंथ प्रथमच आला.

नागपूरचं सर्वांत मोठं नाव मात्र वि. भि. कोलते यांचं. बुलढाणा जिल्ह्यात 1908 मध्ये जन्मलेले कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1967च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. महानुभाव तत्त्वज्ञान, महानुभावांचा आचारधर्म, चक्रधरांचं चरित्र अशी एकामागून एक पुस्तकं त्यांनी लिहिली. अनेक हस्तलिखितं ताडून तयार केलेलं त्यांचं ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. कोलते स्वतः पंथाचे संन्यासी नव्हते. महंतांचा विश्वास मिळवून, पोथी पाहू देण्याची परवानगी घेऊन, मग लिपी सोडवून वाचणं, असं हे काम होतं. आधीच्या पिढ्यांतल्या संशोधकांनाही काही महंतांनी पोथ्या दाखवल्या होत्या, म्हणूनच ही दारं उघडली. हे श्रेय बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

छापील पुस्तक आलं तसा नवा वादही आला. कोलते यांच्या संपादनातल्या काही लीळांना आणि पाठांना पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. संशोधकाचं म्हणणं, हस्तलिखितात जे आहे ते छापलं पाहिजे, भेद असतील तर तेही. श्रद्धावानाचं म्हणणं, प्रत्येक हस्तलिखितातली प्रत्येक ओळ खरीच असते असं नाही, आणि आमच्या परमेश्वराचं चरित्र काही प्राध्यापकांच्या प्रयोगाचा विषय नाही. दोन्ही बाजूंना पोथीची काळजी होती. आणि गंमत म्हणजे पाठ निवडण्याचा, वासना नोंदवण्याचा हा प्रश्न या पंथानंच सातशे वर्षांपूर्वी सुरू केलेला होता. फक्त तेव्हा तो आपसांत सुटत होता, आता तो छापून सगळ्यांसमोर आला.

इंग्रजीत हे साहित्य नेण्याचं मोठं काम अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलं. त्यांचा सूत्रपाठाचा अभ्यास आणि अनुवाद 1983 मध्ये आला आणि पाठोपाठ गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवादही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

वाचायचं तर कुठून?

सूत्रपाठापासून सुरुवात करू नये. शब्द तेराव्या शतकातले, वाक्य तुटक, आणि कोणाला उद्देशून आहे ते कळत नाही. चार पानांत पुस्तक मिटलं जाईल. आधी लीळाचरित्रातला एकांक वाचावा. लीळा छोट्या आहेत, काही तर पाच-सहा ओळींच्या, आणि थोड्या सरावानं जुनी मराठी कानात बसते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली कानावरून गेलेल्या माणसाला हा सराव लवकर होतो, कारण काही शब्द आणि प्रत्यय तिकडे अजून ओळखीचे वाटतात. मग दृष्टांतपाठ. त्यात हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आहे, जी जगभर वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. एकाच्या हाती पाय लागतो, एकाच्या कान, एकाच्या शेपूट, आणि प्रत्येक जण आपल्याला सापडलेला हत्ती सांगतो. ती गोष्ट आधी चक्रधरांच्या शब्दांत वाचावी आणि तिथं थांबावं. केसोबासांचा अर्थ त्यानंतर, वेगळ्या ओळीत, त्यांच्या स्वतःच्या नावावर येतो.